एमजीबीचा मंद लाल दिवा: अल्टरनेटर बदलण्याआधी काय काय मोजावं

इंजिन चालू आहे, हेडलाइट लावलेत, हीटरचा पंखा सुरू आहे, बाहेर अंधार आहे. आणि डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा पूर्ण विझत नाही. पेटलाय असंही म्हणवत नाही. राखेखाली निखारा असावा तसा, हाताचा आडोसा केला तरच दिसतो. माझ्या 1974च्या एमजीबी रोडस्टरमध्ये, म्हणजे उघड्या टपाच्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये, हा प्रकार ऑक्टोबरात सुरू झाला. हेडलाइट बंद केले की दिवा विझायचा, लावले की पुन्हा धुगधुगायचा. आणि सकाळी स्टार्टर जड फिरायचा.

अशा वेळी मिळणारा सल्ला ठरलेला असतो: अल्टरनेटर (इंजिनाच्या फिरण्यावर वीज बनवून बॅटरी भरणारं यंत्र) गेला, नवा बसवा. तो ऐकला असता तर नवा अल्टरनेटर बसला असता आणि दिवा होता तसाच राहिला असता, कारण अल्टरनेटरमध्ये दोष नव्हताच. दोष शोधून काढायला 9 मार्च ते 7 एप्रिल 2024 एवढा काळ गेला. प्रत्यक्ष काम चार-पाच दिवसांचं, बाकी सुट्या भागांची वाट पाहणं. खर्च शंभर पौंडांच्या आत, त्यातला निम्मा मल्टिमीटर आणि क्रिम्पिंगच्या (वायरीवर धातूचं टोक दाबून बसवण्याच्या) हत्यारावर. या क्रमाने मोजत गेलं तर याच जातीच्या इतर गाड्यांनाही हेच लागू पडतं, कारण त्या काळातल्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांचं विजेचं सामान लुकास या कंपनीचं आणि वायरींचे रंगही तेच: तपकिरी म्हणजे बॅटरीकडून थेट, मध्ये फ्यूज नाही, पांढरी म्हणजे चावी फिरवल्यावर जिवंत होणारी, हिरवी म्हणजे तीच, पण फ्यूजमागून, जांभळी म्हणजे फ्यूजमागून पण चावीशिवायही जिवंत, काळी म्हणजे अर्थ, बॉडीच्या पत्र्याला जोडलेली.

आधी कागदपत्रांचं सांगतो, कारण त्यात लोक अडकतात. गाडी नोव्हेंबरपासून सॉर्नवर होती, म्हणजे रस्त्यावर नसल्याची नोंद डीव्हीएलएकडे, ब्रिटनच्या वाहन नोंदणी खात्याकडे, केलेली. सॉर्नवरची गाडी खाजगी आवारातच चालू करायची. ‘जरा कोपऱ्यापर्यंत नेऊन बघतो’ हेसुद्धा चालत नाही. चाळीस वर्षांहून जुनी म्हणून ती हिस्टॉरिक वर्गात आहे. रस्ता कर शून्य, पण शून्य असला तरी गाडी टॅक्स करण्याचा अर्ज करावाच लागतो, आणि तो झाला की सॉर्न आपोआप संपतं. मे 2018पासून अशा गाड्यांना एमओटी या वार्षिक तपासणीची सक्ती नाही, मात्र गाडीत मोठे फेरफार झालेले नसावेत, आणि पोस्टात टॅक्स करताना तसं व्ही112 अर्जावर लिहून द्यावं लागतं. चार्जिंगची जवळजवळ सगळी मोजमापं गाडी उभी असताना होतात, त्यामुळे हा अर्ज मी शेवटच्या आठवड्यापर्यंत केला नाही. गॅरेजचं दार मात्र पूर्ण उघडं ठेवा. एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही.

दिवा नेमकं काय सांगतो

हे एकदा नीट समजलं की पुढचं काम निम्मं होतं. या दिव्याचं कुठलंच टोक थेट अर्थला जोडलेलं नसतं. एका बाजूला इग्निशन स्विचकडून येणारी पांढरी वायर, दुसऱ्या बाजूला अल्टरनेटरच्या ‘इंड’ टोकाकडे जाणारी तपकिरी-पिवळी. चावी फिरवली की प्रवाह बल्बमधून, रोटरच्या (अल्टरनेटरच्या फिरत्या भागाच्या) गुंडाळीतून आणि रेग्युलेटरमधून (व्होल्टेज आवरणाऱ्या भागातून) अर्थला जातो. बल्ब पेटतो, आणि त्याच प्रवाहातून रोटरला सुरुवातीचं चुंबकत्व मिळतं. इंजिन सुरू झालं की अल्टरनेटरमधले तीन छोटे फील्ड डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) ‘इंड’ टोकाला 14 व्होल्टपर्यंत चढवतात. दिव्याच्या दोन्ही बाजूंना सारखंच व्होल्टेज आलं की प्रवाह वाहायला कारण उरत नाही आणि दिवा विझतो.

म्हणजे बॅटरी भरतेय की नाही हे दिवा सांगतच नाही. तो सांगतो पांढऱ्या आणि तपकिरी-पिवळ्या वायरीत फरक किती आहे तेवढंच. मंद धुगधुगी म्हणजे दीड-दोन व्होल्टचा फरक. तो ‘इंड’ टोक खाली राहिल्यामुळे पडू शकतो, तसाच पांढरी वायर खाली राहिल्यामुळेही पडू शकतो. विजेचा भार वाढवला की दिवा उजळत असेल तर मला आधी दुसऱ्या कारणाचा संशय येतो: वाटेत कुठल्या तरी सांध्यावर व्होल्ट अडकताहेत.

याच रचनेमुळे आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. चावी फिरवल्यावर दिवा पेटलाच नाही तर आधी बल्ब बघा. 2.2 वॅटचा तो छोटा बल्ब गेला तर अल्टरनेटर जागाच होत नाही, किंवा बराच रेस केल्यावर होतो. आणि चावी काढूनही दिवा धुगधुगत असेल तर अल्टरनेटरमधला डायोड आरपार गेलाय. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, मग अल्टरनेटरचा प्लग उपसा, आणि दुरुस्ती होईपर्यंत तो परत लावू नका. नाहीतर बॅटरी रात्रभर उलटी रिकामी होत राहते.

9 आणि 10 मार्च: बॅटऱ्या

या मॉडेलमध्ये सीटमागच्या फळीखाली 6 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात (1974च्या अखेरीला रबर बंपरच्या गाड्या आल्या तेव्हापासून 12 व्होल्टची एकच). अंगठी आणि घड्याळ काढून ठेवा, आणि निगेटिव्ह केबल सगळ्यात आधी सोडा. पाना एका बाजूला टर्मिनलला आणि दुसऱ्या बाजूला बॉडीच्या पत्र्याला टेकायला तिथे अजिबात वेळ लागत नाही.

रात्रभर 4 अँपिअरवर चार्ज करून, मग बारा तास नुसत्या ठेवून दोन्ही वेगवेगळ्या मोजल्या: 6.36 आणि 6.31. मिळून 12.67, म्हणजे पूर्ण भरलेल्या. दोघींमध्ये 0.1 व्होल्टपर्यंतचा फरक मी चालवून घेतो. त्याहून जास्त असेल तर कमजोर बॅटरी चांगलीलाही खाली ओढते.

पण नुसत्या उभ्या व्होल्टेजवरून काहीच सिद्ध होत नाही, भार टाकावा लागतो. इग्निशन कॉइलवरची पांढरी वायर काढून तिच्या टोकाला टेप गुंडाळली, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही, आणि कुणाला तरी चावी फिरवायला बसवून स्टार्टर पाच-पाच सेकंद फिरवला. बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर 10.2 व्होल्ट. ठीक. सोलेनॉइडचं (स्टार्टरला प्रवाह जोडणाऱ्या मोठ्या स्विचचं) बॅटरीकडचं टोक आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्यामध्ये मात्र 8.6. म्हणजे 1.6 व्होल्ट वाटेतच संपत होते.

ही तूट पकडायची रीत सोपी आहे, आणि या सगळ्या लेखातून एकच गोष्ट घ्यायची तर ही घ्या. मीटर वायरीच्या किंवा सांध्याच्या दोन टोकांना लावायचा आणि प्रवाह वाहत असताना वाचायचा. चांगला सांधा शून्याच्या जवळ दाखवतो, खराब सांधा स्वतःच आकडा सांगतो. ओहम मोजून हे कळत नाही. शेकडो अँपिअरचा रस्ता एका तंतूवर टिकून असला तरी ओहममीटर ‘सगळं ठीक’ म्हणतो. बॅटऱ्या मागे आणि इंजिन पुढे, त्यामुळे मीटरच्या प्रोबला जोडायला तीनेक मीटर लांब वायर आणि मगरचिमटे आधीच तयार ठेवा.

दोन बॅटऱ्यांना जोडणाऱ्या केबलच्या एका क्लॅम्पवर, खुंटीपासून क्लॅम्पपर्यंत, 0.7 व्होल्ट. हा जुन्या पद्धतीचा टोपीसारखा क्लॅम्प, वरून एक स्क्रू. बाहेरून स्वच्छ दिसत होता. उपसल्यावर आत खुंटीवर करड्या राखेचा पातळ थर, आणि धातू धातूला टेकत होता तो फक्त त्या स्क्रूच्या टोकाएवढा. इंजिन आणि बॉडीमधल्या विणलेल्या अर्थ पट्टीवर आणखी 0.5. उरलेले 0.4 लांब केबलींमध्ये, आणि एवढ्या लांबीला मी ते मान्य करतो.

अर्थ पट्टीकडे सहसा कुणी पाहत नाही. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे ही पट्टी म्हणजे त्याचा बॉडीशी असलेला एकमेव अधिकृत धागा. ती कुजली की स्टार्टरचा प्रवाह चोक आणि अॅक्सिलरेटरच्या केबलींमधून वाट काढतो. स्टार्टर मारताना चोकची केबल कोमट लागली तर दुसरी परीक्षा करायची गरजच नाही.

नवी जोडकेबल आणि पकडीचे क्लॅम्प 18 पौंड, अर्थ पट्टी 8 पौंड. आठवड्याने, 16 मार्चला, आल्या. खुंट्या पॉलिशपेपरने चकचकीत केल्या, बॉडीवरच्या बोल्टखालचा रंग खरवडून पत्रा उघडा केला, घट्ट आवळलं, आणि मग वरून पेट्रोलियम जेली. जेली सांध्यावरून लावायची, सांध्याच्या आत नाही. स्टार्टर फिरवताना सोलेनॉइडवर आता 9.7.

स्टार्टरचा प्रश्न सुटला. लाल दिवा जागेवरच होता.

17 मार्च: इंजिन चालू ठेवून

आधी फॅनबेल्ट. सगळ्यात लांब पट्ट्यावर मधोमध अंगठ्याने दाबल्यावर 13 मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच, वाकला पाहिजे. ढिला असेल तर भार टाकताच किंचाळतो. फार ताणलेला असेल तर अल्टरनेटर आणि पाण्याच्या पंपाच्या बेअरिंगचं आयुष्य खातो. ताण देताना तरफ पुलीकडच्या बाजूच्या ब्रॅकेटवर लावा, मागच्या बाजूला लावली तर नरम धातूचं कवच तडकतं.

माझ्या गाडीत लुकासचा 17एसीआर आहे, जास्तीत जास्त 36 अँपिअर देणारा, रेग्युलेटर आतच. इंजिन मिनिटाला 2000 फेऱ्यांवर धरून हेडलाइट आणि हीटरचा पंखा लावला, म्हणजे साधारण 20 अँपिअरचा भार. अल्टरनेटरच्या पॉझिटिव्ह टोकापासून त्याच्याच कवचापर्यंत 14.1 व्होल्ट. उत्तम. बॅटरीवर मात्र 13.1.

इथेच निकाल लागला. अल्टरनेटर त्याचं काम करत होता. एक व्होल्ट रस्त्यात हरवत होता, आणि ते अल्टरनेटरला कळायची सोय नव्हती, कारण या प्रकारात रेग्युलेटर स्वतःच्याच टोकावरचं व्होल्टेज मोजतो. घरी 14 दिसताहेत म्हटल्यावर तो समाधानी, आणि बॅटरी मागे अर्धपोटी. नवा अल्टरनेटरही नेमका हेच करत राहिला असता.

मग तूट वाटून पाहिली. अल्टरनेटरचं कवच ते बॅटरीचं निगेटिव्ह: 0.15. अर्थच्या बाजूला 0.25पर्यंत चालतं. अल्टरनेटरचं पॉझिटिव्ह ते बॅटरीचं पॉझिटिव्ह: 0.85. इथे मर्यादा 0.5. आणि थेट दिव्याच्या दोन वायरींमध्ये, पांढरी ते तपकिरी-पिवळी: 1.8. निखारा तिथेच होता.

इंजिन चालू असताना बॅटरीची केबल काढून ‘अल्टरनेटर चालतोय का’ बघायची एक जुनी सवय आहे. डायनॅमोच्या (अल्टरनेटरआधीच्या वीज बनवणाऱ्या यंत्राच्या) काळातली आहे, आणि अल्टरनेटरवर ती करू नये. बॅटरीचा आधार सुटताच व्होल्टेज उसळतं आणि डायोड किंवा रेग्युलेटर जागीच जातो.

तपकिरी वायर, टोकापासून टोकापर्यंत

0.85 व्होल्ट नेमके कुठे? अल्टरनेटरच्या मागच्या प्लॅस्टिकच्या प्लगमध्ये तीन घरं असतात: दोन रुंद, एक अरुंद. अरुंद म्हणजे ‘इंड’. माझ्या गाडीत दोन्ही रुंद पाती आतून एकच आहेत आणि त्यातलं एक घर रिकामं आहे. त्या रिकाम्या घरातून बारीक प्रोब पात्यावर टेकवता येते, आणि दुसरी प्रोब प्लगच्या मागून वायरीच्या तांब्याला. वाचलं: 0.45 व्होल्ट. वीस अँपिअरला 0.45 व्होल्ट म्हणजे 9 वॅट उष्णता, अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत.

प्लग काढला तेव्हा दुसऱ्या पुराव्याची गरज राहिली नाही. पांढऱ्या प्लॅस्टिकवर त्या एका घराभोवती चहाच्या डागासारखा पिवळट-तपकिरी वेढा, आतली पितळी पकड निळसर पडून सैल झालेली. टोकाजवळचं वायरीचं आवरण कडक होऊन टचकन मोडत होतं. उष्णतेने पकडीतला स्प्रिंगपणा जातो, पकड सैल झाली की आणखी तापते, आणखी तापली की आणखी सैल होते. नुसतं घासून हे बरं होत नाही.

बाकी तुटीतले 0.2 सोलेनॉइडवरच्या पात्यावर, 0.1 वायरीत, 0.1 बॅटरीच्या जाड केबलीत. ते पातं पांढऱ्या हिरवट बुरशीने भरलं होतं, घासून आणि पकड पक्कडीने हलकीच दाबून ते शून्याजवळ आलं.

प्लगसाठी 9.5 मिलिमीटरची थिंबलं (वायरीच्या टोकावर दाबायच्या धातूच्या पकडी), ‘इंड’साठी 6.3 मिलिमीटरचं एक, आणि नवं प्लॅस्टिक घर मागवलं: 7 पौंड. चांगलं रॅचेट क्रिम्पिंग हत्यार 24 पौंड. साध्या पक्कडीने दाबलेलं थिंबल आज घट्ट वाटतं आणि वर्षभरात हाच आजार परत आणतं. सामान यायला सहा दिवस लागले.

24 मार्चला बॅटरी सोडून वायर कापायला घेतली. तांबं काळं असेपर्यंत कापत मागे जायचं. माझ्या वायरीत चार सेंटिमीटर गेल्यावर लालसर चमक आली. काळ्या तांब्यावर थिंबल दाबून काही उपयोग नसतो. वायर आखूड पडत असेल तर 84/0.30 मापाची, म्हणजे 6 चौरस मिलिमीटरची, तपकिरी वायर अल्टरनेटरपासून सोलेनॉइडपर्यंत नवीच टाका. ती 42 अँपिअर पेलते, 17एसीआरला पुरून उरते.

पांढऱ्या वायरीची बाजू

आता सोलेनॉइडपासून चावीपर्यंत. प्लग दुरुस्त करण्याआधीचे आकडे असे होते: सोलेनॉइडवर 13.2, इग्निशन स्विचला येणाऱ्या तपकिरी वायरीवर 12.6, स्विचमधून निघणाऱ्या पांढरीवर 12.1.

पहिले 0.6 सापडले फ्यूजबॉक्सजवळच्या सांध्यांवर. लुकासचे गोळीसारखे सांधे काळ्या रबरी नळीत बसवलेले असतात, आत पत्र्याची कपलिंग. पन्नास वर्षांत तो पत्रा गंजतो आणि रबर वरून छान दिसत राहतं. गोळ्या पॉलिशपेपरने उजळून नव्या नळ्या घातल्या. गोळी आत जाताना ‘टक’ असं जाणवलं पाहिजे. सहज सरकली तर ती नळी टाकून द्या. फ्यूजबॉक्समधल्या काचेच्या फ्यूजांच्या टोप्या आणि त्यांच्या पकडीही याच वेळी उजळा. आणि फ्यूज बदलताना लुकासचा 35 अँपिअर हा आकडा तो फ्यूज कितीला उडतो याचा आहे, सतत पेलण्याचा 17चा, हे ध्यानात ठेवा.

उरलेले 0.5 स्विचच्या आतच. स्टिअरिंग लॉकच्या मागचा विजेचा भाग वेगळा मिळतो, चाव्या बदलाव्या लागत नाहीत. 15 पौंड, आणि पुन्हा पाच दिवस वाट. हा भाग छोट्या स्क्रूंनी धरलेला आहे आणि हात उलटा घालून काम करावं लागतं. पंधरा मिनिटांच्या कामाला मला दोन तास लागले.

अल्टरनेटरच दोषी निघाला तर

अल्टरनेटरच्या स्वतःच्या टोकावरच 13.5पेक्षा कमी मिळत असेल तर मात्र तो उतरवा. आधी ब्रश (फिरत्या स्लिप रिंगांना टेकून रोटरला प्रवाह देणारे कार्बनचे तुकडे) बघा: नवे साधारण अर्धा इंच असतात, आणि साच्यातून 5 मिलिमीटरपेक्षा कमी बाहेर येत असतील तर बदला. स्लिप रिंग पेट्रोलच्या फडक्याने पुसा. दोन रिंगांमध्ये रोटरचा रोध चार ओहमच्या आसपास हवा. अनंत आला तर गुंडाळी तुटलीय. काहीच उत्पादन नसेल तर मागे बसवलेल्या सर्ज संरक्षक डायोडची वायर काढून पुन्हा मोजा. तो शॉर्ट झाला की चांगला अल्टरनेटरही मेल्यासारखा वागतो. मीटर एसीवर ठेवून बॅटरीवर अर्ध्या व्होल्टच्या वर लहर दिसली तर डायोडवर संशय घ्या.

1962 ते 1967च्या एमजीबींमध्ये लुकास सी40 डायनॅमो आणि वेगळा आरबी340 कंट्रोल बॉक्स, म्हणजे बाहेर बसवलेला रेग्युलेटर, असतो, आणि त्या गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या. तिथे बॅटरी उलटी जोडण्याची चूक सहज होते. डायनॅमोची प्राथमिक चाचणी म्हणजे डी आणि एफ वायरी काढून ती दोन टोकं आपसात जोडायची, मीटर तिथून अर्थला लावायचा आणि इंजिन हळूहळू चढवायचं. व्होल्टेज भराभर वाढलं पाहिजे, 20च्या वर मात्र नेऊ नका. चालतोय म्हटल्यावर पुढचा शोध कंट्रोल बॉक्सकडे. आयडलिंगला दिवा लुकलुकणं हा डायनॅमोचा स्वभाव आहे, दोष नाही.

6 आणि 7 एप्रिल

सगळं जोडून त्याच भाराखाली पुन्हा मोजलं. अल्टरनेटरवर 14.1, बॅटरीवर 13.75. पॉझिटिव्हची तूट 0.25, अर्थची 0.1. दिव्याच्या दोन वायरींमध्ये 0.5, आणि एवढ्यावर बल्बची तार लाल होत नाही.

शेवटची तपासणी गाडी बंद असताना बॅटरी कोण पितंय याची. निगेटिव्ह केबल काढून मीटर अँपिअरवर मध्ये जोडला, दारं बंद. या वेळी चुकूनही चावी फिरवायची नाही, मीटरचा फ्यूज उडतो. रेडिओच्या स्मृतीचे 12 मिलिअँपिअर सोडून काही नाही. 50च्या वर दिसलं असतं तर आधी अल्टरनेटरचा प्लग आणि मग जांभळ्या वायरींचा फ्यूज एकेक करून काढून आकडा कधी पडतो ते पाहिलं असतं.

टॅक्सचा अर्ज त्याच आठवड्यात झाला होता, विमा चालू होता. रविवारी रात्री दीड तास, हेडलाइट आणि पंखा लावून. हाताचा आडोसा करून तीनदा पाहिलं, दिवा काळा. सोमवारी सकाळी बॅटऱ्या 6.33 आणि 6.30. हे सगळे आकडे तारखेसकट एका पुठ्ठ्यावर लिहून बॅटरीच्या झाकणाखाली ठेवलेत, 2.2 वॅटच्या जादा बल्बसोबत. ऑक्टोबरात तेच सांधे त्याच भाराखाली परत मोजायचे आहेत.